जावाला सोबत कोण होतं

संघप्रियाला चालीवरून माणूस कळायचा. तिचं शिक्षणच ते. सदर बाजारातल्या कांबळ्यांची ही लेक कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येईतो तिनं ओळखलेलं असायचं, दुखणं कमरेत आहे की गुडघ्यात, आणि त्यात भीती किती आहे. वडील एसटीत कंडक्टर होते, ती कॉलेजात असतानाच गेले. आई अंगणवाडी सेविका. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, म्हणून लेकही आक्काच म्हणायची.

आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्ध होता, पण तो भिंतीवरचा, हार घातलेला. डोळे मिटून बसायची सवय संघप्रियाला पुढं विपश्यनेच्या शिबिरात लागली. तिथंच एका बाईनं तिला सांगितलं, जावा बेटावर एक म्हातारे गुरुजी आहेत, ते ध्यानाला बसवत नाहीत, ध्यानात हलवतात. ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं ते उठेना. दिवसभर दुसऱ्यांचे हातपाय हलवून संध्याकाळी घरी आली की तिला स्वतःचं अंग ओझ्यासारखं वाटायचं. तिनं इंडोनेशियाच्या वर्षभराच्या शिष्यवृत्तीला अर्ज केला आणि ती मिळाली. आक्कानं डोळे पुसत पुसत चटणीची बरणी बांधून दिली.

सोलो शहराच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेला त्या गुरुजींचं घर होतं. नाव हार्तोनो, सगळे त्यांना पाक हार्तोनो म्हणायचे. आपण वडीलधाऱ्याला अण्णा म्हणतो तसं तिकडं पाक. घरासमोर चार खांबांवर उभं छप्पर, भिंती नाहीत, खाली गुळगुळीत फरशी. त्या छपराखाली सगळे जमायचे. ताल नाही, आरसा नाही, ठरलेली पावलं नाहीत. उभं राहायचं, श्वास कुठवर जातोय ते बघायचं आणि अंगाला जिकडं जायचंय तिकडं जाऊ द्यायचं. कुणी लोळायचं, कुणी खांबाला टेकून नुसतं उभं राहायचं, कुणी रडायचं. म्हातारे गुरुजी मध्येच येऊन एखाद्याच्या शेजारी हळूच चालायला लागायचे. बोलायचे फार थोडं. संघप्रियाला ते एकदाच म्हणाले, "तू सगळ्यांना चालवतेस. तुला कोण चालवतं?" त्या दिवशी ती सगळा वेळ फरशीवर पडून राहिली आणि उठली तेव्हा तिला फार दिवसांनी भूक लागली होती.

त्या गटात बहुतेक गोरे लोक. एक जपानी बाई. आणि एक दाढीवाला तरुण, त्याला ती आधी दिल्लीचा समजली. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या पायाला मुंगळा डसला आणि तो ओरडला, "आयला!"

ती हसलीच. "कोल्हापूरचे काय?"

तो बघत राहिला. "पेठ वडगाव! तुम्ही?"

"सदर बाजार."

"काय सांगताय! एवढा समुद्र ओलांडून आलो आणि भेटलं कोण, तर सदर बाजार!"

हा संग्राम. घरी ऊस, म्हशी, वडिलांचा शब्द गावात चालायचा. यानं मात्र विद्यापीठात नाटक शिकलेलं आणि घरच्यांशी भांडून इथवर आलेला. दोघांना एकमेकांशी मराठी बोलायची अशी काय तहान लागली, की बाकीचे झोपले तरी ही दोघं पायरीवर बसून मिसळीच्या कटावर वाद घालायची. पौर्णिमेला सगळे बोरोबुदूरला, तिथल्या डोंगराएवढ्या जुन्या स्तूपावर गेले. दगडात कोरलेल्या बुद्धाच्या कथा, त्यात राजे, नावाडी, नाचणाऱ्या बाया, हत्ती. संघप्रियानं आक्काला व्हिडिओ कॉल लावून सगळं फिरवून दाखवलं. आक्का म्हणाली, "एवढं मोठं? आणि तिथली माणसं मुसलमान म्हणतीस? सांभाळलंय की चांगलं." मग तिला लेकीच्या खांद्यामागं कुणीतरी दिसलं. "त्यो कोण गं?"

"आपल्याकडचाच हाय आक्का. वडगावचा."

आक्कानं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

खाली उतरताना संघप्रियानं संग्रामला आपलं आडनाव सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं, पण तिला ते सांगून टाकायचं होतं. तो म्हणाला, "बरं मग?" इतक्या सहज म्हणाला, की तिला त्या क्षणी त्याच्यावर जीव टाकावासा वाटला. पुढं ती दोघं छपराखाली रोज सोबत काम करू लागली. पाठीला पाठ लावून उभं राहायचं, सगळं वजन एकमेकांवर टाकायचं, आणि तसंच खाली बसायचं, तसंच उठायचं. संग्रामची पाठ गरम असायची. तो सैल चालायचा, खांदे सोडलेले, नजर लांब, पाय जमिनीला विचारून टाकल्यासारखा. ती त्या चालीच्या प्रेमात पडली असं म्हटलं तर खोटं होणार नाही. परत जाऊन लग्न करायचं आणि कोल्हापूरजवळ असंच एक छप्पर उभं करायचं, हे त्यानंच बोलून दाखवलं. तिनं मान डोलवली.

वर्ष संपलं. दोघं परत आली. काही दिवसांनी संग्रामनं तिला जागा दाखवायला गावी बोलावलं.

वडगावच्या स्टँडवर दोघं एसटीतून उतरली. समोर पानटपरीवर दोन-चार माणसं होती. त्यातल्या एकानं हात वर केला, "काय संग्रामदादा, कवा आलासा?" आणि संघप्रियाच्या डोळ्यांदेखत संग्रामचं अंग बदललं. मान ताठ झाली. छाती पुढं आली. खांदे वर चढले, पावलं लांब पडायला लागली, आणि तो बघता बघता तिच्या पुढं निघून गेला. शेजारी चालणारा माणूस पुढं चालायला लागला. मुद्दाम नाही, त्याला कळलंसुद्धा नाही. टपरीवरच्या माणसानं विचारलं, "पावणं कोण?" तो मागं न बघता म्हणाला, "मॅडम हायत. शिबिराच्या."

तिला तिथंच कळलं. पण कळणं आणि मानणं यात माणूस किती दिवस काढू शकतो, हे तिलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरी संग्रामच्या आईनं, बायडाबाईंनी तिला हाताला धरून आत नेलं. मोठ्या मनाची, मोठ्या आवाजाची बाई. भाकरी, वांग्याचं भरीत, वर दह्याची वाटी. "लाजू नगंस, पोटभर खा. त्या जावात काय खाईत होतासा कुणाला ठावं." मग भाकरी वाढता वाढता सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालीस पोरी?"

"कांबळे."

बायडाबाईंचा हात थांबला नाही. भाकरी ताटात पडली, तीही आख्खी. "बरं बरं. खा," त्या म्हणाल्या, तितक्याच मायेनं. फक्त त्यानंतर त्यांनी तिला काहीच विचारलं नाही. आईवडील कोण, भावंडं किती, स्वयंपाक येतो का, लग्नाचं काय, असलं काही नाही. विचारायचं होतं तेवढं विचारून झालं होतं.

जागा मात्र बघण्यासारखी होती. मळ्यात जुनं गुऱ्हाळ होतं, बरीच वर्षं बंद पडलेलं. वर पत्रा, खाली लाकडी खांब, भिंती नाहीत. संग्राम खांबाला हात लावून म्हणाला, "बघ, सेम हाय का न्हाय?" होतं खरं. संघप्रियाला त्या घडीला स्टँडवरचं सगळं विसरावंसं वाटलं आणि ती विसरली. दोघांनी मिळून ते साफ केलं. पत्र्याला वर्षांची काजळी, खांबांना गुळाची चिकट पुटं, मुंग्यांची वारुळं. रस उकळायची काईल होती तिथला चुलाण्याचा खड्डा मातीनं भरून घेतला, वर शेणामातीनं सारवलं. गडी दगड टाकत होते, संघप्रिया अनवाणी पायानं माती तुडवत होती. संग्रामचे वडील बाळासो, घरातले आण्णा, बांधावर उभे राहून बघायचे. "नाचाचं काय असंल ते असू दे," ते म्हणायचे, "पोरगं घरात ऱ्हायलं, बास झालं."

दर रविवारी शिबिर भरू लागलं. नाटकातली पोरंपोरी यायची, एक निवृत्त प्राध्यापक, दोन डॉक्टरीण बाया. लोकांना आवडत होतं. पेपरात फोटो आला. फोटोत संग्राम मध्ये आणि संघप्रिया कडेला, अर्धी कापलेली.

घरी कधी सांगणार, असं तिनं विचारलं की तो म्हणायचा, ऊस तुटून गेला की सांगतो. ऊस गेला. मग म्हणाला, आज्जीचं डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. ते झालं. मग धाकट्या बहिणीचं ठरू दे. प्रत्येक वेळी तो हे सांगताना तिचा हात हातात घ्यायचा, आणि तिला त्या हातात खरंच प्रेम लागायचं. म्हणूनच ते अवघड होतं. तो खोटारडा असता तर ती कधीच निघून गेली असती.

एका रविवारी ती लवकर पोचली. अंगणात मांडव घालायचे बांबू येऊन पडले होते. बायडाबाई हसत हसत बाहेर आल्या आणि त्यांनी तिच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला.

"घे. तोंड गोड कर."

"कशाबद्दल काकी?"

"सांगितलं न्हाय व्हय त्यानं? सुपारी फुटली की! गगनबावड्याकडची हाय, अनुजा. बी.एस्सी. झालीया." मग त्यांनी आवाज खाली आणला, पहिल्यांदाच. तिच्या दंडावर हात ठेवला. "पोरी, तू लय गुणाची हायस. मला सगळं दिसतंय, मी काय आंधळी न्हाय. पर काय काय गोष्टी आपल्या हातात नसत्यात. तू शिकलेली हायस. तुला कळतंय."

संघप्रियाला वाटलं, या बाईनं शिवी द्यायला हवी होती. शिवी परत देता येते. या मायेचं काय करायचं?

गुऱ्हाळात संग्राम चटया घालत होता. तिच्या हातातला पुडा बघितला आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

"आईनं सांगितलं व्हय?"

"तू सांगायचं होतंस."

"सांगणारच होतो. संघा, ऐक. आण्णांनी परस्पर ठरवलं. आपलं कानावर गेलं म्हणून बहिणीची सोयरीक मोडायला आलती. भावकीतले लोक येऊन बसले दारात. मी काय करू?"

"मला विचारतोस?"

"मी मानत न्हाय हे काय, तुला म्हाईत हाय. माझ्या मनात कधी आलं न्हाय." त्याचे डोळे भरले होते, आणि ते खरे होते. "पण आपलं काम थांबायचं न्हाय. मी अनुजाला सगळं नीट समजावतो. हे छप्पर तुझंबी हाय. आपण दोघं मिळून चालवू. जगात कितीतरी लोकं असं सोबत काम करत्यात."

"काम," ती म्हणाली.

"तिथं वेगळं होतं संघा."

"तिथं तूच होतास की. आणि मीच होते. वेगळं काय होतं?"

तेवढ्यात बांधावरून लोक यायला लागले. प्राध्यापक छत्री मिटत आत आले, पोरं मोटारसायकली लावू लागली. मग काय करणार? दोघंही उभी राहिली. संग्रामनं घसा खाकरून सगळ्यांना श्वास बघायला सांगितलं.

बराच वेळ संघप्रिया एकाच जागी उभी होती. मग तिला मागून तो येताना जाणवला. त्याचा आवाज नव्हता, पण सवयीची पाठ ओळखायला आवाज लागत नाही. तो पाठीला पाठ लावायला आला होता. मागायला आला होता तो, तिला कळलं; माफी नव्हे, आधार. अजूनही त्याला वाटत होतं की ती त्याचं वजन घेईल. त्याची पाठ तिच्या पाठीला टेकली, तशीच गरम. एक श्वासभर ती थांबली. आणि बाजूला झाली.

तो मागं कोलमडला, हात टेकून कसाबसा सावरला. पोरांना ते काहीतरी नवीन वाटलं, दोघा-तिघांनी तसंच करून बघितलं. संघप्रिया चप्पल घालून बांधावरून निघाली. पेढ्यांचा पुडा हातातच राहिला होता. स्टँडवर एका म्हातारीला तिनं तो देऊन टाकला. म्हातारीनं विचारलं, "कशाचं गं बाई?" ती म्हणाली, "लग्नाचं."

घरी आक्का तांदूळ निवडत होती. लेकीचं तोंड बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"कोण काय बोललं?"

"कोणी काही नाही."

"हाकललं?"

"नाही आक्का. पेढे दिले."

आक्कानं डोळे मिटून घेतले. "त्या बोरोबुदूरच्या दिवशीच मी म्हणणार होतो," ती म्हणाली. "पर तू एवढी हसत होतीस, माझी जीभ उचलली न्हाय."

मग पुढचे महिने. संघप्रिया दवाखान्यात जायची, पेशंटना चालवायची, घरी यायची. स्वतः मात्र हलेना. पहाटे गच्चीवर उभी राहायची, श्वास बघायची, आणि श्वास छातीतच अडून परत फिरायचा. पाठ सतत गार पडल्यासारखी वाटायची; उन्हाळ्यातसुद्धा ती दुपट्टा पाठीवर ओढून घ्यायची. लग्नाचे फोटो फोनवर आले ते तिनं बघितले, सगळे. संग्राम फेट्यात ताठ उभा होता. अगदी स्टँडवरच्यासारखा.

शेवटी आक्कानंच तिला विहारात ओढलं. "बायांची गुडघी धरल्यात. वंदना झाली की बसल्या जाग्यावरनं उठवत न्हाय कुणाला. जरा हलव त्यांना." असा विहाराच्या हॉलमध्ये रविवार सुरू झाला. आधी गुडघ्याचे व्यायाम, मग हळूहळू ते दुसरं. बायांनी आधी तोंडावर पदर धरून हसून घेतलं. मग एका आज्जीनं हात वर केले आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बघत नसल्यासारखी गोल फिरली. त्यांना कुणी जावा सांगितलं नाही, पाक हार्तोनो सांगितले नाहीत. आक्का दर रविवारी यायची, एका कोपऱ्यात बसून फक्त बोटं हलवायची. म्हणायची, "माझं एवढंच." संघप्रिया शिकवत होती. बऱ्यापैकी शिकवत होती. पण बायांचे डोळे मिटले की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

दोनेक वर्षं अशी गेली. बाहेरच्या वस्तीतल्या बायाही यायला लागल्या. त्यात एक नवी आली, तिशीच्या आतली, गोरी, अंगानं बारीक. दारातून आत येताना तिनं भिंतीच्या कडेकडेनं चालत जागा गाठली. संघप्रियाच्या मनात आलं, ही घरात पाहुण्यासारखी राहत असणार. जवळ जाऊन तिनं विचारलं, "काही दुखतंय का?"

"न्हाय ताई. दुखत काय न्हाय. इथलं कानावर आलं, म्हणून वडगावहून नुसतं आलो." मग लाजत म्हणाली, "आमचे मिस्टर हेच करतात. शिबिरं घेतात, पुण्याला, गोव्याला. घरी नसतातच बहुतेक. मी म्हटलं मला शिकवा, तर म्हणाले, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय. म्हणून म्हटलं, बघावं तरी काय असतं."

संघप्रियाला नाव विचारायची गरज नव्हती. तरी तिनं विचारलं.

"अनुजा."

बाया चटया घालत होत्या. आक्का कोपऱ्यात बसायच्या तयारीत होती. अनुजा बोलत राहिली. बऱ्याच दिवसांत कुणाशी बोललेलीच नसावी. "ते जावाला होते वर्षभर. तिथल्या गोष्टी सांगायला लागले की ऐकत बसावं. ते छप्पर, ते गुरुजी, दगडातले बुद्ध. एवढंच बोलतात ते मन लावून. मी एकदा विचारलं, तिथं सोबत आपल्याकडचं कोण होतं? तर म्हणाले, कुणी न्हाय, मी एकटाच होतो." ती हळहळली. "किती एकटं वाटलं असंल हो त्यांना."

संघप्रियाच्या तोंडाशी आलं होतं. पण बाया उभ्या राहिल्या होत्या, तिच्याकडं बघत होत्या. ती म्हणाली, "चला. डोळे मिटा."

मी एकटाच होतो. स्टँडवर ओळख टाळणं तिनं समजून घेतलं होतं, लग्न मोडणंही गिळलं होतं. पण छप्पर, गुरुजी, दगडातले बुद्ध हे सगळं त्यानं सांगितलं असेल आणि त्यातून मुंगळा, पायरी, मिसळीचा वाद, आक्काचा कॉल यांसकट तिला एकटीला उचलून बाहेर काढून ठेवलं असेल, हे तिला कधी सुचलं नव्हतं. ती या खिडकीशी उभी राहून दर रविवारी ज्या वर्षाला जपत होती, त्या वर्षात ती नव्हतीच म्हणे.

आणि मग तिनं अनुजाकडं बघितलं. अनुजा डोळे मिटून उभी होती आणि तिचा उजवा हात हळूहळू वर येत होता, तळवा आकाशाकडं, मग मनगट वळून तळवा छातीशी, जसं पाण्यातनं काही उचलून घ्यावं. तो हात संघप्रियाचा होता. सोलोला भातखाचरात वाकलेल्या बाया बघून तिच्याच अंगातून तो पहिल्यांदा निघाला होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. संग्रामनं तो उचलला असणार, घरी एकटा करत असणार, आणि या पोरीनं दाराआडून बघून बघून शिकून घेतला असणार. नाव पुसलं होतं, हात राहिला होता.

संघप्रिया आधी गुडघ्यावर आली, मग कुशीवर, मग फरशीवर पालथी झाली. तिला हुंदका फुटला तो छातीतून नाही, कुठून तरी खालून, आणि थांबेना. एका-दोघींनी डोळे उघडून बघितलं. बाईंचं आज असं चाललंय, असं त्यांना वाटलं. त्या तिच्या भोवतीनं हलत राहिल्या. एक आज्जी तर तिच्या शेजारीच आडवी झाली. कुणाचा पदर तिच्या पायावरून गेला. सगळा हॉल हलत होता आणि मधोमध ती रडत होती.

आक्कालाच तेवढं खरं कळलं. ती भिंतीला धरून उठली, बायांमधून वाट काढत आली, मांडी घालून लेकीजवळ बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीच्या बरोबर मधोमध. बाकीच्या दमून बसेपर्यंत तो हात तिथंच होता.

बाया गेल्या. अनुजा गेली नाही. ती दारापाशी चप्पल हातात घेऊन उभी होती.

"ताई," ती म्हणाली, "सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या. गुऱ्हाळात एक पोरगी यायची, लय गुणाची, मग यायची बंद झाली. तुम्हीच का त्या?"

"हो."

"आणि जावाला?"

संघप्रियानं तोंड पुसलं. "मी होते."

अनुजा तिथंच उंबऱ्यावर टेकली. बराच वेळ ती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे मला त्यातलंबी खरं सांगितलं न्हाय." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या रविवारी आलो तर चालंल?"

संघप्रियाला हो म्हणायचं होतं. चांगली माणसं हो म्हणतात. तिनं त्या पोरीचे आवळलेले खांदे बघितले होते, तिचं भिंतीकडेनं चालणं बघितलं होतं; तिला इथं यायची किती गरज आहे हे संघप्रियाइतकं कुणालाच कळलं नसतं. तरी ती म्हणाली, "नको. मला जमायचं नाही, अनुजा. मी तुला दुसऱ्या कुणाचा नंबर देते."

अनुजानं मान हलवली, चपला घातल्या. जाताना भिंतीकडेनं न जाता सरळ रस्त्याच्या मधनं चालत गेली. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तिला ऐकू येत नव्हतं.

आक्का चटया गुंडाळत होती. ती पाठमोरीच म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष हाय ह्यात?"

"काहीच नाही."

"मग?"

"माझा तरी काय होता आक्का?"

आक्काच्या हातातली चटई उलगडून खाली घरंगळली. ती पुन्हा गुंडाळायला संघप्रिया खाली वाकली. दोघींनी मिळून दोन टोकं धरली. बाहेर कुणीतरी विहाराच्या पायऱ्या धूत होतं. ते पाणी उंबऱ्यातून आत येत होतं, आणि उरलेल्या चटया भिजायच्या आत उचलायला हव्या होत्या.